पेपरात न सापडलेलं नाव

खाणवस्ती, पेनसिल्व्हेनिया
९ मार्च १९३८

चि. वेंडेल यास आजीचे अनेक आशीर्वाद.

आम्ही बरे आहोत असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेवढं लिहून घेतलं. शेजारची ओल्गा लिहितेय. तिचं अक्षर सुरेख आहे म्हणतात. मला आपल्या मुंग्या चालल्यासारख्या दिसतात. कोंबड्या अंडी देईनाशा झाल्यात. तुला ओहायोत कोबीचं सूप कोण करून घालतं? की कारखान्यातले टायरच खातोस?

तुझ्या बापाचा खोकला वाढलाय. परवा डॉक्टरांनी औषध बदललं नाही, नुसते खुर्ची ओढून जरा वेळ बसले.

ओल्गा म्हणते, "आजी, मुद्द्याचं सांगा की." सांगते.

दीड वर्षापूर्वी, तीन सामन्यांपुरता का होईना, तू बेसबॉलच्या मोठ्या लीगमध्ये पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा, झालास, तेव्हा तुझं पत्र आलं होतं. इथल्या लोकांना आपलं कोलेसार आडनाव म्हणता येत नाही, पेपरात मला पार्कर या नावाखाली शोधा, असं बाबांना सांग. ओल्गानं वाचून दाखवलं. तू मोठ्या लीगमध्ये खेळतोस एवढंच मी तुझ्या बापाला सांगितलं, पत्र पिठाच्या डब्यामागे दडवलं आणि तिला शपथ घातली. आजोबांचं नाव टाकलंस हे कळलं तर तुझा बाप युराय तुला दारात उभं करणार नाही, असं वाटलं.

तो रोज खाणीतून आला की हात न धुता पेपर धरायचा. काळं बोट नावांवरून वरखाली.

मग तू घरी आलास. तो म्हणाला, "पेपरात आपलं नाव कुठे दिसलं नाही." तुला वाटलं, नाव बदलल्याचा टोमणा. म्हणालास, "त्याची मला लाज वाटत नाही." त्याला वाटलं, खेळल्याचंच तू खोटं सांगितलंस. तो म्हणाला, "खोटारड्यांना नसतेच." तू टोपी उचललीस आणि निघून गेलास.

मी चुलीपाशी सूप ढवळत होते. एका वाक्याचं काम होतं रे.

काल त्याला सगळं सांगितलं. ओरडेल असं वाटलं होतं, पण ओरडायलाही दम लागतो. भिंतीकडे तोंड करून पडला. मग विचारलं, "किती जण बाद केले त्यानं?"

मला कुठे ठाऊक? आज सकाळपासून चारदा विचारून झालं.

पत्र हाती पडेल त्याच दिवसाची गाडी धर. मला काय बोलायचं ते मागाहून बोल, मी ऐकून घेईन. आधी त्याला आकडा सांग. कमी असला तर कमीच सांग. त्याच्याशी खोटेपणा मी पुरेसा केलाय.

तुझ्या तोंडाकडे बघायला भिणारी, तरी वाट बघणारी,
तुझी आजी झुझाना
(नाव ओल्गानं लिहिलं. खालची फुली माझी.)