चौतीस प्रश्नांचा फॉर्म

२ फेब्रुवारी
परिषदेसाठी माझी निवड झाली! साहेबांनी सकाळीच बोलावून सांगितलं. खरं तर ते स्वतः जाणार होते, पण त्याच दिवशी त्यांच्या घरी नवा सोफा येणार आहे. तरुणांना संधी द्यायची म्हणून माणूस सोफ्याचंसुद्धा निमित्त करतो. मनाचा मोठेपणा लागतो.

विषय : बसमध्ये विसरलेल्या वस्तू परत देण्याची शास्त्रीय पद्धत. म्हणजे माझा फॉर्म. चौतीस प्रश्न, किमान तीस उत्तरं बरोबर आली तरच वस्तू परत. परिषद ज्या शहरात आहे तिथल्या डेपोत तो तीन महिने प्रयोग म्हणून चालू आहे. परिषदेने मंजूर केला की सगळ्या डेपोंना लागू. मग आमच्याकडे स्वतंत्र पडताळणी कक्ष निघणार. कक्षप्रमुख कोण, असं मी साहेबांना विचारलं. ते म्हणाले, बघू. म्हणजे मीच.

३ फेब्रुवारी
गोडाऊनकाकांना बातमी दिली. काका आमच्या हरवलेल्या वस्तूंच्या विभागात अठ्ठावीस वर्षं खिडकीवर बसतात. त्यांची पद्धत अशी : आलेल्या माणसाला 'काय हरवलं?' एवढंच विचारायचं, तो कसा सांगतो ते बघायचं आणि वस्तू देऊन टाकायची. डेटा नाही, मोजमाप नाही, काही नाही.

काकांनी फॉर्म लांब धरून वाचला. म्हणाले, हा एकोणिसावा प्रश्न काय गं? 'वस्तूशी आपलं नातं.' छत्रीशी माणसाचं काय नातं असणार, चुलत का मावस? सगळा विभाग हसला. शिपाई तर पुन्हा हसायला म्हणून परत आला.

सुधारकांना हे सोसावंच लागतं. संकल्प : काकांवर रागवायचं नाही. कक्ष निघाला की त्यांनाही एक खुर्ची द्यायची. लहान.

७ फेब्रुवारी
बाबांनी इस्त्रीच्या दुकानात आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगितलं की आमची ग्रॅज्युएट भाषणाला चालली. ज्यांचे कपडे तयार होते त्यांनाही थांबवून सांगितलं. आत्या म्हणाली, घरातली पहिली शिकलेली पोरगी, आणि काम काय, तर लोकांच्या छत्र्या सांभाळायच्या. एवढं बोलून स्वतःची प्रवासाची बॅग मात्र दिली. आत्याला सिस्टिम कळत नाही, पण मनाने चांगली आहे.

आरशासमोर भाषणाचा सराव. नऊ वेळा. बॅग आईने भरली. काय काय भरतेस, असं मध्येच विचारलं, तर म्हणाली, तू तुझं बोल. म्हणून बोलत राहिले.

९ फेब्रुवारी, दुपारी ३
पोचले. बॅग नाही पोचली.

भाषणाचा शेवट पुटपुटत बसमधून उतरले, बॅग वरच्या फळीवर राहिली. याला विसरणं म्हणता येणार नाही, एकाग्रता म्हणता येईल. उलट झालं ते बरंच झालं. आता सामान्य प्रवासी म्हणून माझाच फॉर्म भरता येईल. असा प्रत्यक्ष अनुभव परिषदेत दुसऱ्या कुणाकडे असणार?

सायंकाळी ६
इथल्या डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवरच्या बाईंनी फॉर्म पुढे सरकवला आणि म्हणाल्या, बसा, वेळ लागेल. हा ज्याने काढलाय ना, तो मेला एकदा माझ्या तावडीत सापडू दे. मी कोण ते सांगितलं नाही. प्रसिद्धीचा मोह टाळता आला पाहिजे.

फॉर्म सुंदर आहे. पण काही प्रश्न प्रवासाने थकलेल्या माणसाला जरा जड जातात. प्रश्न ७, वस्तूचा नेमका रंग : मी 'तपकिरी' लिहिलं, बाईंच्या नोंदीत 'मरून'. प्रश्न १२, वस्तू कधी घेतली : आत्याला माहीत. प्रश्न १९, वस्तूशी आपलं नातं : बराच विचार करून 'भाची' लिहिलं. प्रश्न २३ ते ३०, आतल्या सामानाची कप्प्यांनुसार यादी : आईला फोन लावला. तिने 'अगं, पहिल्या कप्प्यात' एवढं म्हणेपर्यंत आठवलं, नियम पाचप्रमाणे बाहेरची मदत चालत नाही. मीच फोन ठेवला.

चौतीसपैकी एकोणीस.

बाईंनी बॅग उघडून पाहिली. दोन टॉवेल, गरम पाण्याची पिशवी, बाबांचे लोकरी मोजे, आणि माझा पदवीदानाचा फोटो. काळ्या झग्यातला. फ्रेमसकट. बाई फोटोकडे बघत, माझ्याकडे बघत. म्हणाल्या, अहो, हे तोंड तुमचंच ना? मग न्या की बॅग, कशाला डोकं खाता! मी समजावलं की तोंड बघून वस्तू देणं ही जुनी, अशास्त्रीय पद्धत आहे. बाई म्हणाल्या, तुम्हाला बॅग नकोय का? म्हटलं, हवी आहे, पण अशी नाही.

बाहेर आले. भाषण, पेनड्राइव्ह, उद्याचा कडक इस्त्रीचा कुर्ता, सगळं आत. पण तत्त्व शाबूत.

१० फेब्रुवारी
परिषद. कालचाच कुर्ता. मागून चुरगळलाय, म्हणून प्रेक्षकांकडे तोंड करूनच वावरले.

हॉलमध्ये सगळ्या शहरांतले आमच्याच विभागाचे लोक. पहिल्या चहापर्यंत चार छत्र्या, एक चष्मा आणि एक कवळी सापडली. फॉर्म कुणी मागितला नाही. एकाने कवळी हातात धरून 'कुणाची हो?' असं ओरडून विचारलं, आणि एक गृहस्थ न बोलता उठले. या क्षेत्रात किती काम करायचं बाकी आहे ते दिसलं.

माझी दहा मिनिटं होती. आधीच्या वक्त्याला थांबायचं आठवलं नाही, म्हणून चार उरली. तरी मुख्य मुद्दा मांडला : तीन महिन्यांत चारशे अकरा वस्तू आल्या आणि एकही चुकीच्या माणसाकडे गेली नाही. शंभर टक्के यश! तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खिडकीवरच्या बाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, अगं बाई, तूच होय ती? मग हॉलला म्हणाल्या, अहो, बरोबर माणसालाही एक गेली नाही! गोडाऊनचं दार आता उघडत नाही. या मॅडमची स्वतःची बॅग आत पडलीय! हॉल इतका हसला की अध्यक्षांनी टेबल वाजवलं. एवढा प्रतिसाद दुसऱ्या कुठल्याच वक्त्याला मिळाला नाही.

मी खाली उतरत असताना अध्यक्षांनी सगळ्यांना काहीतरी विचारलं, आणि पार मागच्या रांगेपर्यंत हात वर झाले. एवढ्या जणांना प्रश्न विचारायचे होते! वेळ नसल्यामुळे अध्यक्षांनी प्रश्न घेतले नाहीत. नुसते हात मोजले आणि लिहून घेतलं.

११ फेब्रुवारी
घरी. बाबांनी विचारलं, कसं झालं? म्हटलं, सगळे हसत होते. बाबा खूश. आत्याने विचारलं, माझी बॅग? तिला प्रक्रिया समजावली. आत्या म्हणाली, म्हणजे बॅग समोर होती आणि तू सोडून आलीस? आईला म्हणाली, वहिनी, हिला शिकवायला नको होतं.

१४ फेब्रुवारी
बाईंनी बॅग एका ड्रायव्हरबरोबर पाठवून दिली. ती काकांच्या खिडकीत आली. मी रीतसर बाहेरच्या बाजूला जाऊन उभी राहिले. काकांनी ओळख दाखवली नाही. विचारलं, काय हरवलं? मी बॅग म्हणणार होते, पण आवाज बसला होता. प्रवासाने बसतो. डोळ्यांतही धूळ गेली असावी. काकांनी बॅग पुढे सरकवली आणि दुसरीकडे बघत राहिले. सही घ्यायलासुद्धा विसरले. ही मोठी त्रुटी आहे. त्यांना नंतर कधीतरी सांगेन.

१८ फेब्रुवारी, सायंकाळी ७
परिषदेचं पत्र आलं. फॉर्म बंद. कक्ष नाही. साहेब म्हणाले, सगळ्या डेपोंना परिपत्रक काढायचंय, तुझं लिहिणं चांगलं आहे, तूच मसुदा कर. मी तीन पानं लिहिली : पार्श्वभूमी, उद्दिष्टं, पुढील दिशा. साहेबांनी पहिलं पान उलटून पाहिलं आणि म्हणाले, एका ओळीत आण.

'चौतीस प्रश्नांचा फॉर्म आजपासून बंद करण्यात येत आहे.'

बारा वाजता परिपत्रक गेलं. साडेबारापर्यंत सगळ्या डेपोंचे फोन आले, अंमलबजावणी झाली म्हणून; ज्यांच्याकडे फॉर्म अजून सुरूच झाला नव्हता, त्यांचेही. दोघांनी तर आभार मानले. मी लिहिलेल्या कुठल्याच गोष्टीची इतक्या तातडीने अंमलबजावणी आजवर झालेली नाही.

सगळे घरी गेले. मी अजून टेबलावरच आहे. बाबांना काय सांगायचं त्याचा मसुदा करते आहे. पार्श्वभूमी लिहिली, खोडली. उद्दिष्टं लिहिली, खोडली. तोही एका ओळीचाच होतोय.