अकरा वाजताचा फोन

३ तारीख, सोमवार
आलो एकदाचे! बाबांची आरामखुर्ची खिडकीपाशी लागली, म्हणजे घर लागलं. क्वार्टर नंबर सात, दुसरा मजला, टेलिफोन केंद्रापासून चालत दहा मिनिटं. बाबांनी घरातला प्रत्येक नळ सोडून पाहिला आणि पाणी येतंय हे मला तीनदा सांगितलं. पाय मोडल्यापासून ते काठी घेऊन घरातल्या घरातच फिरतात, त्यामुळे खिडकीतून रस्ता दिसतो हेच मोठं. खालच्या मजल्यावरच्या काकू किल्ली द्यायला आल्या त्या तासभर बसल्या. एकेकाळी टेलिफोन ऑपरेटर होत्या. कुणाचाही आवाज हुबेहूब काढतात. जाताना माझ्या आवाजात म्हणाल्या, बाबा, येते हं. बाबा पोट धरून हसले. आई गेल्यापासून पहिल्यांदाच.

४ तारीख, मंगळवार
केंद्रात आम्ही दोघंच. मी आणि माझे वरिष्ठ. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, कारण दुसऱ्याच्या वहीत चूक काढल्याशिवाय त्यांना चहा गोड लागत नाही. काम सोपं, पण डोळ्यांत तेल घालून करायचं. गावातले सगळे फोन ज्या यंत्रांतून जातात त्यांच्या सेटिंग रोज तपासायच्या. प्रत्येक यंत्रात सेटिंगच्या दोन प्रती असतात, एक चालू आणि एक जतन केलेली. चालू प्रतीत केलेला बदल सेव्ह केला नाही, तर यंत्र बंद करून सुरू केलं की पुसला जातो. सेव्ह केला की कायमचा. दोन्ही प्रती ओळीला ओळ लावून बघायच्या, फरक दिसला तर कारण शोधायचं, मग सेव्ह. बदलापुढे करणाऱ्याचं लॉगिन आणि वेळ येते, म्हणजे लपवाछपवीला वाव नाही.
मी पासवर्ड घालत होते तेव्हा मास्तर मागेच उभे होते. म्हणाले, फार खोलात शिरू नका, सेव्ह करा आणि मोकळ्या व्हा.

६ तारीख, गुरुवार
दुपारी तपासताना एक ओळ जास्त सापडली. रोज सकाळी अकरा वाजता टेबल दोनवरून क्वार्टर सातला फोन जोडावा, अशी. टेबल दोन माझं, क्वार्टर सात आमचं. लॉगिनही माझंच! वेळ सकाळी आठ चाळीस. तेव्हा मी घरी बाबांच्या पायाला तेल चोळत होते. ओळ पुसली, सेव्ह केलं. मास्तर म्हणाले, तुम्हीच लिहिली असेल, विसरला असाल. मी काय इतकी वेंधळी आहे?
संध्याकाळी बाबा खुशीत होते. कामातून वेळ काढून फोन केलास, बरं वाटलं, म्हणाले. मी फोन केलाच नव्हता. ही काकूंची गंमत असणार.

७ तारीख, शुक्रवार
पासवर्ड बदलला होता, तरी ओळ परत आली. फोनही आला. काकूंना खडसावून विचारलं, तर त्या दुखावल्या. अकरा वाजता त्या दवाखान्यात होत्या, चिठ्ठीच दाखवली. मग मास्तर? पण आवाज बाईचा होता, माझा होता. बाबांशी आईच्या हिरव्या शालीबद्दल बोलला. ती शाल आईबरोबरच गेली, हे आम्हा दोघांशिवाय कुणालाच माहीत नाही.

१० तारीख, सोमवार
आज अकराला टेबलाशीच बसले, डोळे फोनवर लावून. तो वाजला नाही, हलला नाही. यंत्रांच्या रॅकवर मात्र माझ्या लाइनचा हिरवा दिवा लागला. मास्तर दिव्याकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.
रिसीव्हर उचलला. आत बाबा हसत होते. मी हाक मारली, दोनदा. त्यांना ऐकूच गेलं नाही.
मग माझाच आवाज म्हणाला, पाय काय म्हणतोय, बाबा? जिना उतरता येईल ना आता?

११ तारीख, मंगळवार
केंद्रात साठवून ठेवलेल्या मागच्या महिन्यांच्या प्रती उघडल्या. माझ्या आधी इथे काम करणाऱ्या बाईंच्या लॉगिननेही हीच ओळ आहे. टेबल दोन, क्वार्टर सात. त्यांच्याजवळ त्यांची आई राहायची. नऊ दिवस त्यांनी ती ओळ पुसलेली दिसते. दहाव्या दिवसापासून त्यांची एकही नोंद नाही.
मास्तरांना विचारलं. म्हणाले, दोघी गाव सोडून गेल्या. जाताना कुणी पाहिलं? त्यांनी वही मिटली. मग हळूच म्हणाले, पुसत बसू नका हो. तिनेही पुसली होती.
म्हणजे यांना सगळं माहीत आहे!

१२ तारीख, बुधवार
सकाळी घरचा फोन भिंतीतून काढला आणि पिशवीत घालून केंद्रात आणला. बाबा चिडले. दिवसभर भिंतींशी बोलतो, एक फोन येतो तोही तुला खुपतो का, म्हणाले.
संध्याकाळी राग निवळला होता. म्हणाले, फोन नेलास ते बरंच केलंस. त्यापेक्षा स्वतः आलीस, निवांत बसलीस.
कधी, विचारलं.
अगं, अकराला.

१३ तारीख, गुरुवार
रजा काढली. दिवसभर बाबांच्या समोर बसून. कुणी आलं नाही.
अकराला बाबा दाराकडे बघत होते. मी समोर असताना — दाराकडे.
त्यांना घेऊन गाव सोडायचं ठरवलं. ऐकेनात. जेवले नाहीत. मग विचारलं, तू कोण आहेस? माझी मुलगी असं करत नाही.
त्यांनी खोलीला आतून कडी लावून घेतली. मी त्यांची मुलगी आहे. मी —

१४ तारीख, शुक्रवार
सकाळी दहा. काकूंना बाबांपाशी बसवून केंद्रात आले. यंत्र बंद करून सुरू करायचं, काहीही सेव्ह करायचं नाही. तेवढंच करून परत जायचं. मास्तर आले नाहीत. मी केंद्राच्या दाराला आतून कडी लावली आहे.

दहा चाळीस. बंद केलं. सुरू केलं. ओळ गेली!

दहा पन्नास. परत आली. माझ्यासमोर, अक्षर अक्षर करत. मी कीबोर्डला हात लावलेला नाही. पण या वेळी उलटी आहे — क्वार्टर सातवरून टेबल दोनला.
सेव्ह झालं, असं दाखवतंय. माझ्या लॉगिनने.

अकरा. काकूंचा फोन, खालच्या त्यांच्या घरून. रागावल्या होत्या. तूच येऊन बाबांना घेऊन जाणार होतीस, तर मला कशाला बसवलंस? हात धरून किती जपून नेलंस गं —
किती वेळ झाला, विचारलं. दहा मिनिटं.

केंद्राच्या जिन्यावर काठी वाजतेय. बाबांचीच.
हसताहेत. एका पायरीवर थांबून दम घेताहेत.
कुणीतरी त्यांना सांगतंय, सावकाश बाबा, घाई नाही, ती आतच आहे — आवाज मा