फ्लेक्सवरची डॉक्टर

बेळगाव, ४ ऑगस्ट २०२४

ती. आज्जा यांस सोनलचा सादर जयजिनेंद्र. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि घरातल्या बाकीच्यांना जरा जास्तच ऐकू येतं, म्हणून पत्र.

वृषभकाकांनी फ्लेक्सचा फोटो पाठवला. बस स्टॉपवर मी, गळ्यात चिकटवलेला स्टेथोस्कोप आणि खाली 'गावची पहिली डॉक्टर'! आज्जा, निघताना मी दोनदा सांगितलं होतं. बारावीपर्यंत, पीयूसीला, कॉमर्स घेतल्यामुळे विद्यापीठात मला आधी वर्षभर सायन्सचा पाया शिकवणार आहेत. तो वर्ग पास झाले तर नर्सिंगच्या प्रवेशाला नाव देता येईल. डॉक्टर नाही, नर्स. आणि नर्ससुद्धा अजून नाहीच. सध्या पेशी म्हणजे काय ते शिकतेय. रसायनशास्त्राच्या पहिल्या चाचणीत वीसपैकी चार मिळाले. शेजारी बेळगुंदीची मंगल बसते, तिला सहा मिळाले, त्यामुळे ती मला शिकवते.

तो फ्लेक्स उतरवा ना. मला लाज वाटते. आईचा गुडघा कसा आहे ते कळवा.

लोभ आहे, तो चार मार्कांवरही टिकू द्यावा.
तुमची सोनल

गावाहून (ता. निपाणी), १२ ऑगस्ट

चि. सोनलला आज्जाचे पोटभर आशीर्वाद.

पत्र चष्मा लावून दोनदा वाचलं. तू म्हणतेस ते मला कळतं, मी काही अगदीच अडाणी नाही. पण गावाला एवढं बारीक कुठं समजावत बसू? आज ना उद्या पांढरा कोट घालणारच आहेस. लग्न ठरलं की लोक जावई म्हणायला लागतात, अक्षता पडायची वाट बघत नाहीत. फ्लेक्स राहू दे, ऊन-पावसानं जाईल आपोआप. चार मार्कांचं कुणाला सांगू नकोस, मीही सांगत नाही.

आईचा गुडघा बरा आहे, तोंड त्याहून बरं आहे. दशलक्षण पर्वाला ये. मंदिरात, आपल्या बस्तीत, पूजेला आलेले सगळे तुझी चौकशी करतात.

इकडची माया आहे तशीच आहे, तुझी असू दे.
आप्पाण्णा

गावाहून, १९ सप्टेंबर

चि. सोनलला अनेक आशीर्वाद.

पर्वाला येऊन दोन दिवस राहिलीस, बरं वाटलं. बस्तीच्या कट्ट्यावर शेजारची अक्काताई तुला काहीतरी विचारत होती आणि तू तिला समजावत होतीस. मला ऐकू आलं नाही, पण बघूनच छाती फुगली.

बातमी मात्र वाईट आहे. अनंत चतुर्दशीला अक्काताईचा पाण्यावरचा उपवास होता. दुपारी बस्तीच्या पायरीवर चक्कर येऊन पडली. निपाणीच्या दवाखान्यात नेलं, तर रक्तातली साखर चाळीसवर आलेली. मनगट मोडलं, जीव वाचला. उपाशीपोटी साखर कमी करायची गोळी घ्यायला कुठल्या शहाण्यानं सांगितलं, म्हणून डॉक्टर आमच्यावरच खेकसले. अक्काताई कुणाचं नावच काढत नाही. आपल्याच मनानं घेतली, लई शहाणपणा केला, एवढंच म्हणते. सोनल इथं असती तर ही चूक झाली नसती, असं मी सगळ्यांना सांगितलं.

जेवण वेळेवर कर. लोभ असू दे.
आप्पाण्णा

बेळगाव, २३ सप्टेंबर

ती. आज्जा यांस सा. जयजिनेंद्र. वि. वि.

तो शहाणा मीच.

उपासाला गोळी घ्याची का न्हाय, हेच अक्काताईंनी मला विचारलं होतं. मला माहीत नव्हतं. तेवढंच म्हणायचं होतं. पण भोवती सहा-सात बायका होत्या, आमची डॉक्टर आमची डॉक्टर म्हणत होत्या, आणि तुम्ही खांबाला टेकून बघत होता. औषध कधी चुकवायचं नसतं, असं माझ्या तोंडून निघून गेलं. हे वाक्य मी कुठल्याशा दवाखान्याच्या भिंतीवर वाचलं होतं. अक्काताईंनी हात जोडले, आज्जा. सत्तर वर्षांच्या बाईनं मला हात जोडले आणि मी गप्प राहून ते घेतले.

तुमचं पत्र मंगलला दाखवलं. मंगल म्हणते, गप्प बस, कुणाला कळणार नाही. तेच मला सहन होत नाही. अक्काताईंना खरं सांगा, गावालाही सांगा. मला तोंड दाखवायला जागा राहिली नाही तरी चालेल.

लोभ मागायचं धाडस होत नाही.
सोनल

गावाहून, १ ऑक्टोबर

चि. सोनलला आशीर्वाद. या खेपेला ते देताना हात अवघडतो.

तुझं पत्र घेऊन अक्काताईकडं गेलो. तिला वाचता येत नाही, म्हणून मलाच मोठ्यानं वाचावं लागलं. ती काय म्हणाली ते तिच्या सुनेनं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं, त्यामुळं गल्लीनंही ऐकलं. पोरीचं नाव घेतलं असतं तर घरच्यांनी तिचं शिकणं बंद केलं असतं, म्हणून गप्प बसलो व्हतो, असं अक्काताई म्हणाली.

मग मलाही बोलावं लागलं. सोनल, गोळीचं तिनं आधी मला विचारलं होतं. आपली डॉक्टर येतेय, तिलाच विचार, असं मीच सांगितलं. तू कोण आहेस, कोण नाहीस, हे गावात फक्त मला ठाऊक होतं. क्षमावाणीच्या दिवशी दरवर्षी घरोघर हात जोडून क्षमा मागतो, पाठ झालेलं असतं. या वर्षी तो दिवस होऊन गेल्यावर पहिल्यांदा खरी मागितली. ऐंशीव्या वर्षी हे फार जड जातं.

फ्लेक्स उतरवला. अभ्यास सोडू नकोस.
तुझा आज्जा

बेळगाव, ११ नोव्हेंबर

ती. आज्जा यांस सा. जयजिनेंद्र. वि. वि.

सहामाही परीक्षा झाली. जीवशास्त्राला दहा मार्कांचा प्रश्न होता: उपाशी माणसाच्या रक्तातली साखर शरीर कसं सांभाळतं, आणि मधुमेहाच्या गोळीनं त्यात काय फरक पडतो. पाच मिनिटं पेन हातातच राहिलं. मग सगळं लिहिलं, अगदी चक्कर कशानं येते तेही. दहापैकी दहा मिळाले. सरांनी पेपर वर्गाला दाखवला, टाळ्या वाजल्या. मी मान वर केली नाही. मुलगी नम्र आहे, असं सर म्हणाले.

अक्काताईंचं प्लास्टर निघालं ना? दिवाळीला मी मुद्दाम आले नाही. येत्या रविवारी येतेय, आधी त्यांच्याकडेच जाईन. त्यांनी पुन्हा काही विचारलं, तर मला माहीत नाही, असं सांगायचं ठरवलंय. रोज आरशासमोर उभी राहून म्हणून बघते. अजून नीट जमत नाही.

लोभ वाढवू नका, आहे तेवढा राहू द्या.
तुमची सोनल