'म्हणे' कुठे लावावे

बाबा,

आज दुपारी मी तुमच्या पणतीला 'म्हणे' गाळायला शिकवले. तुम्ही असता तर हातातली पोथी मिटून माझ्याकडे नुसते पाहिले असते, आणि ते पाहणे मला पुष्कळ दिवस पुरले असते. तुम्ही नाही, म्हणून स्वतःलाच जाब विचारायला बसले आहे. परवा तिचा इतिहासाचा पेपर आहे. घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. सूनबाई भांडीसुद्धा आवाज न करता ठेवते, आणि त्या शांततेचा मला अधिक त्रास होतो.

ही माझ्या धाकट्या मुलाची मुलगी. तुम्ही तिला पाहिलेले नाही. आठवीच्या अखेरीस ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून पडून तिच्या खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, ती बिघडली, पुन्हा करावी लागली. आमच्या शेतातल्या घरापासून किन्हीराजा गावातल्या शाळेपर्यंतची वाट तिच्या पायाला झेपेना. शेवटी घरीच अभ्यास करून दहावीची परीक्षा बाहेरून द्यायची असे ठरले. गणित, विज्ञान, इंग्रजी हे विषय फोनवरच्या तासांकडे गेले. इतिहासाचे बोलणे निघाले तेव्हा मुलगा म्हणाला, "इतिहासाले कायले पाह्यजे फोन? मायच्या पोटात अठरा पुरानं हायेत." सूनबाई तिथल्या तिथे म्हणाली, "पुरानाचा पेपर नसते जी." सगळे हसले, मीही हसले, आणि इतिहास माझ्याकडे आला. ती उत्तीर्ण झाली तर पावसाळ्यात मैत्रिणींबरोबर वाशीमला अकरावीला जाईल. नाही झाली तर पुन्हा हीच खाट, हीच खिडकी, आणि बोलायला मी एकटी. कोवळ्या वयाच्या मुलीला म्हाताऱ्या बाईचा अष्टौप्रहर सहवास म्हणजे काय, हे मला कळते. मला ती घरात हवी आहे, पण अशी नको.

मला शिकवण्याची एकच रीत ठाऊक आहे, आणि ती तुमची आहे. माझी सातवी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर माझी शाळा आपल्या स्वयंपाकघरात भरली. आई बाजूला बसे त्या दिवसांत चूल तुमच्याकडे असे. मला आजही दिसते: तुम्ही परातीत ज्वारीचे पीठ मळता आहात, मी पाटावर बसून संस्कृत धातू चालवते आहे. भाकरी तव्यावर टाकून तुम्ही विचारता, परोक्ष म्हणजे काय? मी म्हणते, डोळ्यांआडचे. तुम्ही सांगता की जे बोलणाऱ्याच्या देखत घडले नाही, त्याला संस्कृतात क्रियापदाचे रूपच निराळे आहे. त्या रूपात 'राजा होता' एवढे म्हणताच ऐकणाऱ्याला कळते की सांगणाऱ्याने राजा पाहिलेला नाही. भाषेनेच माणसाला खोट्या साक्षीपासून वाचवले आहे. मग भाकरी उलटता आणि पोथीची भाषा सोडून घरच्या बोलीत येता: "आपल्या वऱ्हाडीत ते रूप नाई. पन म्हने हाय ना व बाई! राजा होता म्हने. झालं काम."

आणि तो शिरपूरचा दिवस. आपण बैलगाडीने जैन मंदिर पाहून आलो होतो. दुसऱ्या दिवशी विहिरीवर मी मुलींना सांगत होते की तिथली मूर्ती जमिनीला टेकत नाही, खालून दोरा आरपार जातो. असे सांगत होते की जणू दोऱ्याचे एक टोक माझ्याच बोटात होते. तुम्ही मागून आलात. "तुनं घातला दोरा?" मी नाही म्हणून मान हलवली. "मंग म्हने लाव. लोकायच्या देवाची खोटी साक्ष देऊन राह्यली काय?" सगळ्या मुलींच्या देखत. त्या संध्याकाळी तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. लग्नात मात्र सासरचे भांडी मोजत असताना तुम्ही माझ्या हातात संस्कृत-मराठी कोश दिलात आणि एवढेच म्हणालात, "शब्द पाहून बोलत जाय." तेव्हापासून मी न पाहिलेल्या गोष्टीला 'म्हणे' लावल्यावाचून बोललेले नाही. सासूबाई मला चिडवायच्या, "आमच्या सुनेचं लगन झालं म्हने!"

हे सगळे मी पोरीला दिले. दिवस आम्ही वाटून घेतला होता. सकाळी पुस्तक, म्हणजे मी. दुपारी फोन, म्हणजे तो शिकवणारा मुलगा. मुलगाच म्हणायचा, मिशी नीट फुटलेली नाही. तो फार भराभर बोलतो, आणि ही त्याला आणखी वेग देऊन ऐकते. तीनशे वर्षे भाजी चिरून होईपर्यंत संपतात. प्रत्येक वाक्यामागे तो म्हणतो, "हे शंभर टक्के येणार, पाठ करून टाका." मला पहिल्या दिवसापासून त्याचा राग आला. कशाबद्दलच याला शंका कशी येत नाही? मी पोरीला सांगितले, ऐक त्याचे, पण जे त्याने पाहिले नाही आणि तू पाहिले नाहीस, तिथे मनात 'म्हणे' म्हण. तिला तो खेळ फार आवडला. फोनवर तो एक वाक्य बोले आणि ही खाटेवरून सूर लावी, "म्हनेऽ!" आम्ही दोघी हसत असू. सूनबाई चुलीपाशी हसत नसे.

मग सराव परीक्षा झाली. तालुक्याच्या ज्या शाळेतून अर्ज भरला तिथे सूनबाई तिला घेऊन गेली आणि तपासलेले पेपर घेऊन आली. इतिहासात चाळीसपैकी नऊ. भूगोल बरा होता, तरी दोन्ही मिळून उत्तीर्ण होण्याइतके होईनात. मी पेपर हातात घेतला. प्रत्येक उत्तराच्या शेवटी तिने सुवाच्य अक्षरात लिहिले होते, 'असे म्हणतात.' संस्था अमुक साली स्थापन झाली, असे म्हणतात. वृत्तपत्र अमुक गावी निघाले, असे म्हणतात. आणि प्रत्येक 'असे म्हणतात'वर लाल काट. तपासणाऱ्या गुरुजींनी सूनबाईला सांगितले होते, "पोरगी हुशार आहे, बाई, पण हिला कशाचीच खात्री नाही." हे वाक्य तिने मला, तिच्या आत्याबाईला म्हणजे सासूला, दारातच ऐकवले, चपलाही काढल्या नव्हत्या.

"आत्याबाई, देश स्वतंत्र झाला म्हने? संविधान लिहिलं म्हने? तपासनारा का आपल्या ओट्यावर बसून गोष्टी ऐकते काय?"

मी म्हणाले, खोटे तर काही लिहिले नाही तिने.

"खरंखोटं तुमचं देवाघरी. मले पोरगी वाशीमले पाठवाची हाय. तिच्या मैत्रिनीचे कपडे शिवून झाले." मग आवाज उतरला. "उद्यापासून पुस्तकं बंद. फोनवर जे सांगतेत तेच अन् तसंच लिहाचं."

ती चुकीचे बोलत होती असे मला म्हणता येत नव्हते. दोन वर्षे तिने त्या मुलीला उचलून न्हाणीत नेले आहे. त्या हातांपुढे मी व्याकरण कोणत्या तोंडाने ठेवणार होते? पोर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

पुढचे काही दिवस माझी पुस्तके मिटलेली होती. मी तांदूळ निवडत बसे आणि फोन बोले. एका दुपारी तो सांगत होता की आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. एका वाक्यात आटोपून तो पुढे निघाला. पोरीने फोन थांबवला.

"आजी, तू सांगतलं होतं, वत्स ऋषीनं तप केलं म्हने, मंग देव गोळा झाले म्हने, गुल्म म्हंजे समूह, म्हनून वत्सगुल्म."

हो, म्हणाले.

"अन् हे राजधानी. थे बी आपुन पाह्यली नाई. थ्या राजाचा तांब्याचा पत्रा सापडला वाशीमले, त्यालेबी म्हने लावाचं का? दोघी गोष्टी सारख्याच का मंग?"

बाबा, तुम्ही मला पाहिलेले आणि न पाहिलेले असे दोनच कप्पे दिलेत. ऋषी आणि ताम्रपट दोन्ही एकाच कप्प्यात पडत होते, आणि एवढ्या वर्षांत मला ते खटकले नव्हते. ती आणखी पुढे गेली. खोडकरपणे नव्हे, तिला खरेच हवे होते. "अन् देवापुढं बसते तवा तू म्हने काहून नाई लावत?"

"पुरे!" मी ओरडले. माझा असा आवाज तिने कधी ऐकला नव्हता. तिने फोन सुरू केला आणि कानात फोनची बोंडे घातली.

त्या दिवशी सांजवातीला स्तोत्र म्हणता म्हणता मला उत्तर सुचले, आणि ते व्याकरणातूनच सुचले. देवापुढे मी साक्ष देतच नाही, मी हाक मारते. हे कृपाळू, हे अनंता: ही संबोधने आहेत. हाकेला काळ नसतो, म्हणून तिला परोक्षही नसते. सकाळी मी तिला हे सांगितले. तिने नीट ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरोबर हाय आजी. पन हे पेपरात येनार नाई ना?" आम्ही दोघी हसलो, ओरडणे मागे पडले.

ताम्रपटाचे उत्तर मात्र तिनेच काढले. फोनवर शोधून तिने मला त्या पत्र्याचे चित्र दाखवले, बोटांनी मोठे करून. चौकोनी माथ्याची अक्षरे. मला एकही लावता येईना. पण खाली त्याचे नागरीत केलेले वाचन होते. मी तुमचा कोश काढला. ती फोनवरून शब्द वाचे, मी कोशात पाही, काही सापडले, काही प्राकृत असल्याने हुकले. राजाने गाव दान दिले, कोणाला दिले, कोणते कर माफ केले. तेव्हा मला जाणवले की हे 'म्हणे' नव्हे. 'म्हणे'मध्ये म्हणणारा कोणीच नसतो. इथे म्हणणारा होता, तांब्यावर कोरून ठेवलेला. मी तिला सांगितले, 'असे म्हणतात' लिहू नकोस, कोण म्हणतो ते लिही. आणि इतिहास हा शब्द फोडून दाखवला: इति, ह, आस. असे खरोखर होते. त्यातला 'आस' तुमच्याच परोक्ष रूपातला आहे. म्हणजे ज्याने हा शब्द घडवला त्याने त्यातच कबूल करून ठेवले की मी पाहिलेले नाही, आणि तरीही 'खरोखर' म्हणण्याचे धाडस केले. हे तुम्ही मला कधी सांगितले नाहीत. तुम्हाला सुचले नव्हते, की माझ्या वयाला पेलणार नाही असे वाटले? फोनविना ते चित्र माझ्या घरात आले नसते, आणि कोशाविना ते नुसते चित्र राहिले असते. एवढी एक दुपार आम्हाला मिळाली. सूनबाई धुणे घेऊन आत आली आणि उभी राहिली. "पेपर उरावर आला, अन् तुमी दोघी तांब्याचे पत्रे पाहून राह्यल्या?"

सूनबाई रडेल असे मला वाटले. म्हणून तिने सांगण्याआधीच मी फोन पोरीच्या हातात दिला आणि म्हणाले, आता फक्त पेपर.

तेव्हापासून आम्ही तेच करतो आहोत. एका वाक्यात उत्तरे, रिकाम्या जागा, चुकीची जोडी. 'कोण म्हणतो' यालाही त्या रिकाम्या जागांत जागा नाही. आज दुपारी सवयीने तिच्या तोंडून एकदा 'म्हने' निघाले, आणि मी, तुमच्या मुलीने, म्हटले, "ते गाळ. तपासणाऱ्याला नुसते उत्तर हवे." तिने एकदा माझ्याकडे पाहिले आणि गाळले. नंतर सूनबाई प्रश्न घेऊन समोर बसली. प्रश्न संपायच्या आत उत्तर. सन, गाव, संस्था, संस्थापक; त्या फोनवरच्या मुलासारखीच वेगात, त्याच्यासारखीच निःशंक. पंचवीस-तीस प्रश्न झाले असतील. सूनबाईचा चेहरा कित्येक महिन्यांनी सैल झाला. "आत्याबाई, झाली व पोट्टी तयार," ती म्हणाली, आणि जाता जाता तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला, जो ती कधी ठेवत नाही.

मी हो म्हणाले. ती उत्तीर्ण व्हावी म्हणून सकाळपासून जप करते आहे, आणि तो मनापासून करते आहे. पण बाबा, ती धडाधड उत्तरे देत होती तेव्हा मला सारखे वाटत होते की तिने एका तरी प्रश्नाला अडखळावे. ती अडखळली नाही. हे पत्र कुठे पोचणार असते तर एवढ्या ओळी मी खोडल्या असत्या.