चटईएवढी जागा

मु. धाड, रविवार, दिवेलागण

गाडी ठेवायच्या खोलीत आज तिसऱ्यांदा खडूने आखणी केली. खोली दहा बाय बारा. उभ्याने काम करायचं टेबल आणि करवतीचं मशीन कसंबसं बसतं, पण आठ फुटी फळी काही फिरत नाही. मग कापू काय, काड्या? सुतारकामात जन्म गेला आणि आता डॉक्टर म्हणतात, गुडघे गेले, खाली बसायचं नाही. लोकांच्या चौकटी महिनाभर पडून आहेत.

बायको दारातून म्हणाली, "काऊन एवढं डोकं फोडून राह्यले? पायात फळी धरून बसत होते, तवा चटईएवढी जागा पुरे तुमाले."

सगळं पुसलं. चौथ्यांदा खडू घेतला, आणि हाताने आपसूक सगळ्यांत आधी आखली ती बसायची चटई.