बाबांच्या गाडीतलं दुसरं इंजिन

प्रिय कर्ट,

हे फोनवर बोलता येणार नाही. मी फोन उचलला की बाबा स्वयंपाकघराच्या दाराआड येऊन उभे राहतात आणि कान देऊन ऐकतात. म्हणून लिहायला बसले. आत्ता ते बाहेर गाडीच्या बॉनेटखाली डोकं घालून उभे आहेत, आणि तिथे असले की घर पेटलं तरी त्यांना कळायचं नाही.

मस्कीगनला यंदा थंडी लवकर उतरली. सरोवरावरून वारा सुटला की आईच्या खोलीच्या खिडक्या थडथडतात. मी तिथेच झोपते. गेल्या हिवाळ्यात बाबांनी त्यांच्या जुन्या पॉन्टिअ‍ॅक गाडीच्या रेडिएटरमध्ये नळाचं नुसतं पाणी भरलं, ते गोठलं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकला, एवढं तुला ठाऊक आहे. सगळं आयुष्य इंजिनं ओतणाऱ्या फाउंड्रीत काढलेला माणूस असं करतो म्हटल्यावर आपल्या दोघांच्याही मनात पाल चुकचुकली होती. मी नोकरी सोडून इथे राहायला आले ती त्याचमुळे. पण नवं इंजिन कुणी आणलं, हे मी तुला मुद्दाम सांगितलं नव्हतं. डेल्मर पिट्सने आणलं. हो, तोच! ज्याला बाबांनी तरुणपणी गाड्यांच्या शर्यतीच्या पट्टीवर सगळ्या गावासमोर हरवलं, आणि ज्याने आईच्या अंत्यविधीला चर्चच्या पायऱ्यांवर मला विचारलं होतं, "हर्लन आता ती गाडी विकेल का गं?"

मे महिन्यात तो ट्रेलर घेऊन थेट अंगणात आला. ताडपत्रीखाली भंगारातल्या एका स्टेशन वॅगन गाडीचं इंजिन होतं. म्हणाला, "हर्लन, तुझ्या म्हातारीला हे बसेल." बाबा म्हणाले, "तुझ्या हातचं इंजिन घालण्यापेक्षा मी तिला घोडा जुंपीन." आणि अर्ध्या तासात दोघंही गाडीखाली आडवे पडून एकमेकांना शिव्या देत होते. मला ते दृश्य गोड वाटायला हवं होतं. नाही वाटलं. इतक्या वर्षांनी हा माणूस फुकट इंजिन घेऊन का येतो, हाच प्रश्न डोक्यात घोळत राहिला.

जून सगळा इंजिन बदलण्यात गेला. साखळीच्या कप्पीने जुनं धूड वर उचललं तेव्हा बाबांनी टोपी काढून हातात धरली. नवं बसवताना एकही बोल्ट त्यांनी डेल्मरला शेवटचा आवळू दिला नाही. जुलैत इंजिन सुरू झालं. कर्ट, तो आवाज तू ऐकायला हवा होतास. पलीकडच्या मिसेस व्हेंटलिंग टाळ्या वाजवत बाहेर आल्या. बाबांनी कार्बोरेटर जुळवला, ठिणगीचं टायमिंग जुळवलं, बॉनेट खाली टाकलं आणि म्हणाले, "झालं." मग ते आजारी पडले. निदान मला तरी तो आजारच वाटला. अंथरुणातून उठेनात, सूप तसंच परत यायचं. आई बाजारातून अजून कशी आली नाही, असं विचारायचे.

काही दिवसांनी गाडी बिघडली आणि बाबा उठले. इंजिन मिसिंग करायला लागलं, पिकअप गेला, सायलेन्सरमधून फटाके फुटायला लागले. बाबा खूष! सकाळी स्वतःहून दाढी करून बाहेर. डेल्मर यायचा, दोघं दुपारपर्यंत खटपट करायचे, गाडी ताळ्यावर यायची. आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. असं दोनतीनदा झाल्यावर माझ्या लक्षात आलं की डेल्मर येऊन गेल्याशिवाय ती कधीच बिघडत नाही. तो सर्दीने घरी बसला होता तेव्हा गाडी ठणठणीत होती. मी मनाशी सगळं जुळवलं. हा गाडी नासवतोय. एक दिवस बाबांना म्हणणार, "जाऊ दे रे, हिच्यात आता दम नाही, मी नेतो ओढून." तो एकदा हसत म्हणालाही होता, "पोरी, हिला द्यायची वेळ आली तर आधी मला हाक मार." मी गाडीचे कागद माझ्या उशीखाली ठेवायला लागले. त्याला कॉफी द्यायचे, पण त्याच्या हातांवरची नजर काढायचे नाही.

सप्टेंबरमध्ये तो सापडला. बाबा जेवून डुलकी काढायला आत गेले होते. मी कपडे धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून पाहत होते. डेल्मरने घराकडे एकदा नजर टाकली, बॉनेट उघडलं, ज्याने टायमिंग बदलतं त्या डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल केला, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवला आणि बोल्ट पुन्हा आवळला. मी ओले हात घेऊन तशीच बाहेर धावले. म्हटलं, "लाज नाही वाटत तुम्हाला? आजारी माणसाची गाडी लुबाडताय!" तो दचकला नाही. पाना फडक्यात गुंडाळत म्हणाला, "हळू बोल. तो उठेल."

मग त्याने मला गॅरेजमागे नेलं आणि सांगितलं. जुलैत गाडी चांगली झाली त्याच आठवड्यात, मी दुकानात गेले असताना, बाबा अंथरुणातून उठून ती घेऊन निघून गेले होते. डेल्मरला ते शर्यतीच्या जुन्या, बंद पडलेल्या पट्टीच्या फाटकासमोर सापडले. इंजिन चालू, हात स्टिअरिंगवर. फाटक कधी उघडणार असं त्यांनी त्याला विचारलं. डेल्मर कोण, तेही त्यांना आठवत नव्हतं. परत येताना भान आल्यावर मात्र रडले, आणि हे मला सांगायचं नाही अशी डेल्मरला शपथ घातली. "गाडी चांगली झाली की तो एक तर झोपून राहतो, नाही तर निघून जातो," डेल्मर म्हणाला. "म्हणून मी ती इतकीच बिघडवतो की आवारातला चढ चढू नये. आवाज ऐकून दोष कुठे आहे ते तो अजूनही मला सांगतो. माझं नाव विसरतो, पण ते नाही विसरत." मी विचारलं, मला का नाही सांगितलंत? म्हणाला, "तू त्याच दिवशी किल्ली काढून घेतली असतीस." खरंच घेतली असती.

तरीही त्याच्यावर माझा पूर्ण विश्वास बसला आहे असं म्हणवत नाही. कागद अजून उशीखालीच आहेत. पण गेल्या महिन्यात गुडघ्याच्या शस्त्रक्रियेला जाण्याआधी त्याने मला तो बोल्ट कसा सैल करायचा आणि डिस्ट्रिब्युटर किती फिरवायचा ते शिकवलं, आणि तेव्हापासून हे काम मी करते. एकदा इतकं फिरवलं की इंजिन सुरूच होईना, आणि बाबा दिवसभर गाणं गुणगुणत काम करत राहिले.

पण त्यांचा कान तुला माहीत आहे. टायमिंग आपोआप असं हलत नाही, हे त्यांना कळतं. आता ते माझ्यावर डोळा ठेवून असतात. माझ्या बोटांना ग्रीसचा वास येतो का, ते माझा हात हातात घेण्याच्या निमित्ताने पाहतात. काल टपालवालीला सांगत होते, "माझी पोरगी माझ्या गाडीच्या जिवावर उठली आहे." ते बरोबरच आहे.

तू थँक्सगिव्हिंगच्या सणाला येतो आहेस. बाबा आतापासूनच म्हणताहेत की कर्ट आला की चोर पकडेल. तू अंगणात पाय ठेवशील, आवाज ऐकशील, आणि नॉक्सव्हिलच्या तुझ्या गॅरेजमध्ये रोज करतोस तसा तुझा हात आपसूक त्या डिस्ट्रिब्युटरकडे जाईल. जाऊ देऊ नकोस, एवढं सांगायलाच हे लिहिलं. त्यांच्याबरोबर बॉनेटखाली वाक, डोकं खाजव, चुकीचा स्क्रू फिरव, तुला जमत नाही म्हणून त्यांना तुझी टर उडवू दे. आणि जेवणाच्या टेबलावर टर्की कापताना ते सगळ्यांसमोर माझ्याकडे बोट दाखवून म्हणतील, "हीच ती, हीच माझी गाडी बिघडवते," तेव्हा माझी बाजू घेऊ नकोस. त्यांच्याकडे बघ आणि म्हण, "हो बाबा, मलाही तसंच वाटतं."

वाट पाहणारी, तुझीच बहीण,
नॅडीन