धपाट्यांच्या फडक्यातला कागद

लोहा,
रविवार, १२ एप्रिल, सकाळ

चिमणे भार्गवी,

आईचा पोटभर आशीर्वाद. इकडं आम्ही दोघं बरे आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. बाबा समोर बसले असतील तर हा कागद मुठीत धर, हात धुवायला जाते म्हण आणि नळापाशी वाच.

घाबरू नको ग. ऊन लई तापून राहिलं. धपाटे ज्वारीचेच आहेत, तिखट कमी घातलं. तुमच्या होस्टेलात मोबाइल कपाटात कोंडतात ते बरंच आहे म्हणा, नाहीतर तुझ्या बाबांनी तुला अभ्यास करू दिला असता का?

दिवाळीत तू परातीतल्या पिठात काळीज काढलं होतंस, आठवतं? वरचे कप्पे आकसले की रक्त खाली, खालचे आकसले की अंगभर, मधे झडपा मिटतात त्यांचा लब-डब. मग म्हणालीस, मानेतल्या नसांत राखणदार असतात, दाब वाढला की मेंदूला वर्दी देतात, मेंदू काळजाला सावकाश करतो. बाबा कसे टक लावून ऐकत होते! शाळेत गणित शिकवणारा माणूस, त्याला हिशोब लगेच जुळला. म्हणाले, "रोज दाबाची गोळी घेतो म्हणून माझा राखणदार आळशी झाला. गोळी बंद केली की उठतो बघ."

आणि संक्रांतीपासून केली बंद! मी बोंबलून थकले. सुरुवातीला मशीनवर आकडा बरा आला, तर शेजारच्या जिलानीभाईंना बोलावून पेढा दिला. लेकीनं डॉक्टर व्हायच्या आधीच बापाला बरं केलं म्हणे. मग आकडा चढायला लागला, तर मशीन बिघडलं म्हणून माळ्यावर टाकलं. मला तर त्या दिवसापासून घास गोड लागत न्हाई.

काल सकाळी चहा पिता पिता कप हातातून निसटला. डावा हात तसाच लोंबत राहिला. ओठाच्या कोपऱ्यातून चहा गळून राहिला अन् ह्यांना कळतच न्हाई. माझं नाव घेत होते, ते जड जड येत होतं. थोड्या वेळानं सगळं पहिल्यासारखं झालं. मला म्हणाले, काही झालं न्हाई. भार्गवीला फोन केलास तर तिच्या गळ्याची शपथ. फोनचीच घातली, कागदाची न्हाई.

मी एकटीच डॉक्टरांकडं गेले. ते माझ्यावरच ओरडले. वर्षानुवर्षं दाब चढा राहिला की राखणदार चढ्या दाबालाच रोजचा समजतो, वर्दी देतच न्हाई, म्हणाले. हा इशारा होता, मोठा झटका कधीही येईल, आत्ताच्या आत्ता लातूरला न्या. घरी येऊन सांगितलं तर हे हटून बसले, तुझी परीक्षा होईस्तोवर दवाखान्याचं नाव काढायचं न्हाई. मी रात्रभर त्यांच्या तोंडाकडं बघत बसले. मग सकाळी मीच म्हणाले, लेक धपाटे मागून राहिली, आज भेटीचा वार आहे. हे लगेच आंघोळीला गेले बघ.

मी संगं निघाले तर त्यांना शंका येईल. जिलानीभाई गाडी घेऊन येतात, त्यांना सगळं सांगितलंय. लातूरला तुझ्या होस्टेलच्या चौकातच मोठा दवाखाना आहे. तिथं ने. रड, भांड, परीक्षा देत न्हाई म्हण, पण ने. माझं ऐकत न्हाईत, तुझं ऐकतील. तुझी चूक न्हाई ग माय. तू निरोगी माणसाचं काळीज काढलं होतंस.

आणि जिलानीभाई एकटेच डबा घेऊन आले असतील, तर त्यांना काही विचारू नको. पुस्तक मिट आणि त्यांच्या गाडीत बस.

बाबा हाक मारून राहिले. सदऱ्याची गुंडी डाव्या हातानं लागत न्हाई म्हणतात.

दारातच उभी असलेली,
तुझी आई